‘पाणी’ म्हणणारी गर्भवती

१

साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला वाशीमची पहिली ओळख बहुधा वत्सगुल्म या नावाने होते. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावून दिला. त्याच्याच ‘कर्पूरमंजरी’त वैदर्भी रीतीसाठी ‘वच्छोमी’ हा शब्द येतो. त्याचे मूळही याच नगरात आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा मूळपुरुष सर्वसेन हा ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता. ते काव्य आज उपलब्ध नाही, परंतु आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याची दखल घेतली आहे. थोडक्यात, ज्या भूमीत काव्य आणि त्याची मीमांसा यांची गाठ बांधली गेली असे परंपरेने मानले, ती ही भूमी.

आजच्या वाशीमची ओळख निराळी आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख वस्तीचा हा जिल्हा. २००६ साली पंतप्रधानांनी पश्चिम विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता. २०१८ साली नीती आयोगाने देशातील मागास जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ या गोड नावाने यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आजचे धाराशिव) आणि वाशीम हे चार जिल्हे तिच्यात आले.

या दुसऱ्या ओळखीविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विदर्भातील मनाच्या दुखण्याकडे समाजाचे आणि शासनाचे लक्ष गेले ते शेतकरी पुरुषाच्या मृत्यूमुळे. ते जाणे आवश्यकच होते. २०१५ साली राज्याने आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यामागेही हीच जाणीव होती. परंतु ज्या घराचे पीक बुडाले, ज्या घरावर सावकाराचे कर्ज आहे, त्याच घरात चार-सहा महिन्यांची गर्भार सूनही असते. तिची भूक आणि तिची खिन्नता यांची बातमी होत नाही. तिच्यासंबंधी कोणी पंचनामा करीत नाही. प्रस्तुत लेख तिच्याविषयी आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे, की तिच्याविषयीचा एक फार महत्त्वाचा पुरावा आपल्याच दप्तरात आहे आणि आपण तो आजवर केवळ काव्य म्हणून वाचत आलो आहोत.

२

‘गाथासप्तशती’त एका दरिद्री घरातील गर्भवतीची गाथा आहे. नवरा तिला डोहाळे विचारतो. काय खावेसे वाटते, हा त्याचा प्रश्न. ती म्हणते, पाणी. तो पुन्हा विचारतो. ती पुन्हा पाणीच म्हणते. दुसरे काही मागितले तर ते आणताना त्याचा जीव मेटाकुटीस येईल, हे तिला ठाऊक आहे. गाथा एवढ्यावर संपते.

महाराष्ट्री प्राकृतातील, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेतील, ही दोन ओळींची रचना आहे. सर्वसेनाच्या नावावरही या संग्रहातील काही गाथा टीकाकार देतात, त्यामुळे वत्सगुल्माचा आणि या संग्रहाचा संबंध अगदीच दूरचा नाही. आपल्या अध्यापनात ही गाथा ‘ध्वनी’चे उदाहरण म्हणून, गृहिणीच्या पतिप्रेमाचे उदाहरण म्हणून, फार तर प्राचीन महाराष्ट्रातील ग्रामजीवनाचे चित्र म्हणून येते. ही वाचने चुकीची नाहीत. पण तिच्यात आणखी काही गोष्टी नोंदल्या गेल्या आहेत.

पहिली गोष्ट, या घरात कोणी दुष्ट नाही. नवरा विचारतो आहे, आणि एकदाच विचारून थांबत नाही. म्हणजे पहिल्या उत्तराने त्याचे समाधान झालेले नाही. दुसरी गोष्ट, ती खोटे बोलत नाही. पाण्याची इच्छा कुणालाही होऊ शकते. तिने फक्त घरात फुकट मिळणारी एकमेव वस्तू निवडली आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, तिच्या मनात एकाच वेळी दोन भार आहेत. एक पोटाचा, दुसरा घराच्या काळजीचा. त्या दुसऱ्या भाराने पहिल्याचे तोंड बंद केले आहे. भूक सांगायची नाही हे तिने ठरवले आहे, आणि न सांगण्याचा हा शीण तिचा एकटीचा आहे.

सार्वजनिक आरोग्याच्या परिभाषेत आज ज्याला ‘अन्न-असुरक्षितता’ म्हणतात आणि ज्याला ‘गर्भावस्थेतील नैराश्य’ म्हणतात, त्या दोहोंच्या मधली जागा या गाथेने दाखवून दिली आहे. गाथेतील स्त्री नैराश्याने आजारी होती असे मी म्हणत नाही. दोन ओळींवरून कुणाचे निदान करू नये. पण अशा घरात विचारलेल्या प्रश्नाला कोणते उत्तर येते, हे मात्र तिने आपल्याला नेमके सांगून ठेवले आहे.

३

या गाथेच्या शेजारी संस्कृत साहित्यातील दोहद ठेवून पाहावा. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणेला माती खाण्याचे डोहाळे लागतात आणि राजा दिलीप तिच्या मुखाला येणाऱ्या मातीच्या गंधाने हर्षित होतो. कालिदासाने त्या मातीचा संबंध पुत्राच्या भावी पृथ्वीभोगाशी जोडला. आजचा वैद्य माती खाणाऱ्या गर्भवतीचे हिमोग्लोबिन आधी तपासील, कारण माती, राख, खडू खाण्याच्या इच्छेचा रक्तक्षयाशी वारंवार आढळणारा संबंध आता माहीत आहे. ‘उत्तररामचरिता’त सीतेचा डोहाळा वनविहाराचा. तो पुरवण्याच्या निमित्तानेच तिला रथात बसवून वनात सोडून दिले जाते. डोहाळा पुरवणे आणि स्त्रीला टाकून देणे ही दोन कामे एकाच रथाने होऊ शकतात, हे भवभूतीने जाणले होते.

वैद्यकाची परंपरा या बाबतीत अधिक सरळ आहे. सुश्रुताने चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते असे मानून त्या अवस्थेतील स्त्रीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले. तिची इच्छा मारली तर गर्भास इजा होते असेही बजावले. चरकाने गर्भ टिकवणाऱ्या गोष्टींत मनाच्या प्रसन्नतेला श्रेष्ठ स्थान दिले. मराठीत आपण आजही ‘दोन जिवांची’ म्हणतो. शरीरशास्त्र म्हणून ही मते आज स्वीकारता येणार नाहीत. पण अन्न आणि मन यांना एकाच वाक्यात ठेवण्याची सवय आपल्या परंपरेत होती, एवढे त्यांवरून दिसते.

मग डोहाळजेवण आले, ओटीभरण आले, महिन्यामहिन्याचे डोहाळे सांगणारी गाणी आली. या विधींची टर उडवण्याचे कारण नाही. सातव्या-आठव्या महिन्यात गर्भवतीला पाटावर बसवून पोटभर खाऊ घालणे, पहिल्या बाळंतपणासाठी तिला माहेरी पाठवणे, यांत एक प्रकारची सामाजिक तजवीज होती. परंतु डोहाळ्यासाठी कणगी भरलेली लागते. इच्छा ही ज्यांच्या घरी पुरवता येते त्यांचीच गाणी झाली. ज्यांच्या घरी ती पुरवता येत नाही त्यांची वाट पाहत मराठी साहित्य फार काळ थांबले. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिकचा गरिबीशी चाललेला झगडा वऱ्हाडी बोलीत आला. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) बाळंतिणीची भूक, तिची जखम आणि तिचा ताप यांची हकिकत कोणताही आडपडदा न ठेवता आली. ‘जिणं आमुचं’ वाचल्यानंतर डोहाळजेवणाचा अर्थ पहिल्यासारखा राहत नाही, राहू नये.

४

आता आजच्या अभ्यासांकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार विकसनशील देशांत सुमारे १५.६ टक्के स्त्रिया गरोदरपणात आणि १९.८ टक्के स्त्रिया बाळंतपणानंतर मानसिक विकाराने, मुख्यतः नैराश्याने, ग्रस्त असतात. आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात आढळल्या. आर्थिक ओढगस्त, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे ही कारणे ठळकपणे पुढे आली. त्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांचे मन बाळंतपणाच्या आधीच, म्हणजे पोटुशी असतानाच, दुखावलेले होते, ही त्या अभ्यासातील फार महत्त्वाची गोष्ट. नैराश्य बाळाबरोबर जन्माला येत नाही. ते आधीपासून घरात असते.

देशोदेशींच्या अनेक अभ्यासांत अन्नाची चणचण आणि गर्भवतीचे नैराश्य एकत्र आढळले आहे. एकत्र आढळणे म्हणजे एकाने दुसरे घडवणे नव्हे, हा सावधपणा बाळगायलाच हवा. बहुधा हा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता आहे. उद्या चूल पेटेल का ही काळजी झोप उडवते; मागायची लाज आणि न पुरल्याचा अपराधभाव मन पोखरतो; आणि मन खचले की समोर आलेला घासही उतरत नाही, तपासणीला जावेसे वाटत नाही, लोहाच्या गोळ्या डब्यातच राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. रक्तक्षयाचा थकवा आणि नैराश्याचा थकवा बाहेरून सारखेच दिसतात. ‘बाई आळशी आहे’ हे घरातले निदान मात्र दोहोंना एकच असते.

या विषयात प्रश्नावल्या वापरतात, आणि भाषेच्या अभ्यासकाने त्या एकदा तरी वाचाव्यात. घरातील अन्न-असुरक्षितता मोजणारी एक प्रसिद्ध प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे. तिचा पहिला प्रश्न भुकेचा नाही. मागील चार आठवड्यांत घरात अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का, असा तो आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची प्रश्नावलीही काळजीपासूनच सुरू होते. उलट नैराश्य मोजणारी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली पाहा. तिचा पाचवा प्रश्न भूक मंदावली का किंवा खाणे अति झाले का, हा आहे. म्हणजे भुकेची मोजणी मनापासून सुरू होते आणि मनाच्या मोजणीला जेवणाशी थांबावे लागते. १९८७ साली एडिंबरोत तयार झालेल्या बाळंतिणींसाठीच्या दहा प्रश्नांच्या श्रेणीने खाण्याचा प्रश्न मुद्दामच गाळला, कारण त्या काळात भूक कमीजास्त होणे स्वाभाविक असते. तिचा पहिला प्रश्न हसू येते का, गमतीची बाजू दिसते का, असा आहे.

या मोजपट्ट्या उपयुक्त आहेत. पण एक फट राहते. अन्नाचा प्रश्न बहुधा ‘घरा’ला विचारला जातो. घर पोटभर असते आणि सून अर्धपोटी असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर तव्यावर उरलेली अर्धी भाकरी आणि भांड्याच्या तळाशी उरलेले पातळ वरण, हा जिचा वाटा, तिचा आकडा ‘घरा’च्या आकड्यात विरघळून जातो. पुष्कळ घरांत भर पडते ती ‘जास्त खाल्ले तर बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल’ या समजुतीची. म्हणजे तिच्या उपासाला युक्तिवादही तयार असतो.

५

आता हे सारे वाशीमच्या शेतात उभे करून पाहू. पश्चिम विदर्भात नव्वदच्या दशकापासून सोयाबीन पसरत गेले आणि ज्वारी मागे हटली. ज्वारी हे घरात खायचे आणि कडब्याच्या रूपाने जनावरांना घालायचे पीक होते; सोयाबीन हे विकायचे पीक आहे. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. ज्या जिल्ह्याच्या शिवारात हे प्रथिन क्विंटलांनी पिकते, त्या जिल्ह्यातील गर्भवतीच्या ताटात ते क्वचित येते. ते आडतीवर जाते, तेथून तेलाच्या गिरणीत, आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. आपल्या पोटाला लागणारे धान्य मग दुकानातून आणावे लागते, आणि त्यासाठी सोयाबीनला भाव मिळावा लागतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल असताना बाजारात त्याहून बऱ्याच कमी दराने सोयाबीन विकले गेले. कोरडवाहू घरातल्या जेवणाचा प्रश्न असा बाजार समितीच्या फळ्यावर ठरतो.

त्याला वर्षाचे एक चक्रही आहे. ज्येष्ठ-आषाढात हातातला पैसा बियाणे आणि खतात जातो. दसरा-दिवाळीला सोयाबीन निघेपर्यंतचे महिने ओढाताणीचे. नेमकी याच महिन्यांत निंदणीची कामे असतात आणि ती बायकांची असतात. गर्भारपणाचे नऊ महिने कुठूनही सुरू झाले तरी पावसाळ्याचा काही तुकडा बहुतेकींच्या वाट्याला येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात मातांचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होते, आणि बाळाच्या वाढीशी हिरव्या पालेभाज्या, दूध, फळे यांच्या सेवनाचा संबंध आढळला. तात्पर्य, प्रश्न पोट कसेबसे भरण्याएवढाच नाही. ताटात काय आहे, हा आहे. मेथी, चवळी, अंबाडी, थोडे दूध, एखादे अंडे: मागितले तर घरात कुरकुर होईल अशाच या वस्तू. आणि ती म्हणते, पाणी.

कायदा तिच्या बाजूने आहे, हे येथे नोंदवले पाहिजे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवतीला आणि प्रसूतीनंतर सहा महिने स्तनदा मातेला अंगणवाडीतून विनामूल्य आहार देण्याचे बंधन घातले; ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने, असे मोजमापही दिले. किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ त्याच कायद्यात आहे. प्रत्यक्षात २०१७ साली आलेल्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेने ही रक्कम ५,००० रुपये केली आणि पहिल्या अपत्यापुरती ठेवली; २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. उरलेली भर जननी सुरक्षा योजनेतून होते, हे शासनाचे म्हणणे. पण दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, किंवा खेप तिसरी असली, तर आईची भूक कायद्याच्या दृष्टीने तीच असताना योजनेच्या दृष्टीने ती संपलेली असते, याचे समर्थन कसे करायचे?

आहाराचेही तसेच. अंगणवाडीतून घरी नेण्यासाठी मिळणारा टीएचआर घरी पोचतो आणि घराचा होतो. लहान मूल खाते, सासऱ्याच्या चहाबरोबर संपतो. तो एकटीने खाल्ला तर तीच अपराधी ठरेल. पहिल्या खेपेची सून सातव्या महिन्यात माहेरी गेली, की तिचे नाव एका अंगणवाडीत असते आणि ती दुसऱ्या गावात. यावर महाराष्ट्रानेच २०१५ साली उत्तर शोधले होते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी क्षेत्रातील गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतच एक वेळचे गरम, चौरस जेवण देण्यात येऊ लागले. कर्नाटकाने २०१७ साली ‘मातृपूर्ण’ योजनेतून अशीच थाळी राज्यभर देण्याचे ठरवले. वाशीम जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. मानोऱ्याच्या तांड्यावरील किंवा रिसोडच्या कोरडवाहू गावातील गर्भवतीची भूक मात्र क्षेत्राची नोंद पाहून लागत नाही.

चार बायकांनी रोज दुपारी एकत्र बसून जेवणे याला आणखी एक अर्थ आहे. त्या जेवताना बोलतात. घराबाहेर, सासू-नवऱ्याच्या नजरेआड, दिवसातून अर्धा तास. अंगणवाडीच्या थाळीचे हे मानसिक मूल्य कोणत्याही हिशेबात धरलेले नाही.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला नेहमीचा: गरिबाच्या घरी मनाचे चोचले कशाला? आधी पोट भरा, मग मनाचे पाहू. या आक्षेपाला गाथेने उत्तर दिलेले आहे. मनावरच्या भारामुळेच ती पोटाचे सांगत नाही. म्हणून मन वगळून पोटापर्यंत पोचताच येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो सहानुभूतीच्या बाजूने येतो. भुकेला ‘नैराश्य’ म्हणणे म्हणजे अन्यायाला आजार ठरवणे नव्हे काय? जिला भाकरी हवी तिच्या हातावर गोळी ठेवायची काय? ही भीती खरी आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बाबतीतही कर्जाचा प्रश्न समुपदेशनाने झाकला जाईल अशी शंका अनेकांनी घेतली होती. परंतु याचे उत्तर मनाविषयी विचारणे बंद करणे हे नाही. दोन्ही प्रश्न एकाच भेटीत, एकाच व्यक्तीने विचारावेत आणि दोहोंसाठी काहीतरी हाताशी असावे, हे आहे. विदर्भातील ३० खेड्यांत राबवलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमात गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी नैराश्याविषयी बोलणे सुरू केले, तेव्हा मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे लोकांना बोलायचे असते. विचारणारे माणूस गावातले हवे. २०२२ साली सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा चांगलीच आहे, पण ज्या घरात फोन नवऱ्याच्या खिशात असतो तेथे तिची मर्यादा उघड आहे.

म्हणून मागणी साधी आहे. गर्भवतीच्या कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, गोळ्या यांना रकाने आहेत. त्यांच्या शेजारी आणखी दोन असावेत: काल काय आणि कितीदा जेवली, मन कसे आहे. अंगणवाडीतील गरम जेवण आदिवासी क्षेत्रापुरते न ठेवता वाशीमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतही द्यावे. मातृत्व लाभाला अपत्याच्या क्रमाची आणि लिंगाची अट नसावी. आणि हे काम आशाताईंच्या आधीच भरलेल्या पिशवीत आणखी एक रजिस्टर कोंबून होणार नाही. त्याचा वेगळा मोबदला आणि प्रशिक्षण द्यावे लागेल.

यात साहित्याच्या लोकांचे काम कोणते, असे कोणी विचारील. काम आहे, आणि ते आपल्यालाच येते. प्रश्नावल्यांचे मराठी भाषांतर प्रमाणभाषेत होते. ‘गेल्या दोन आठवड्यांत आपणास उदास अथवा निराश वाटले का?’ या वाक्याला मालेगाव तालुक्यातील शेतमजूर बाई ‘नाही’ म्हणेल, आणि ते तिच्या दृष्टीने खरे असेल. ‘उदास’ हा शब्द तिच्या दुखण्याचा नाही. ‘जीव लागत नाई’, ‘काई गोड लागत नाई’, ‘घास उतरत नाई’ हे तिचे शब्द. शेवटच्या दोहोंत अन्न आणि मन वेगळे काढताही येत नाहीत. बोलीने ते कधी वेगळे केलेच नव्हते. तांड्यावर गोरमाटीत आणखी निराळे शब्द असतील. हे शब्द गोळा करणे, कोणता शब्द थकव्याचा आणि कोणता खिन्नतेचा हे बायकांकडूनच समजून घेणे, हे भाषाभ्यासाचे क्षेत्रकार्य आहे. विदर्भातील महाविद्यालयांत मराठी विभाग आहेत, वऱ्हाडी बोलीवर प्रबंध होतात, लोकगीतांचे संकलन होते. त्यांतील एखादा प्रकल्प जात्यावरच्या ओव्यांकडून अंगणवाडीच्या ओट्याकडे वळला तर संशोधनाची प्रतिष्ठा कमी होणार नाही.

शेवटी पुन्हा त्या गाथेतील नवऱ्याविषयी. तो पुन्हा विचारतो, हे त्याचे मोठेपण. पण त्याचा प्रश्न तोच राहतो, म्हणून उत्तरही तेच येते. ‘काय हवे?’ या प्रश्नाला गरीब घरात एकच सुरक्षित उत्तर असते. ‘काल रात्री कोण शेवटी जेवले? तेव्हा भांड्यात काय उरले होते?’ असे विचारले तर उत्तर द्यावेच लागते, आणि त्यात मागितल्याचा दोष येत नाही. आशाताईच्या प्रशिक्षणात हा एवढा फरक शिकवता येईल. तो शिकवण्यासाठी प्राकृताच्या प्राध्यापकाला बोलावले, तर वत्सगुल्मात ते अगदीच अस्थानी ठरणार नाही.